गप्प म्हणजे नाही

टेलरमास्तर जाऊन आठ महिने झाले होते, आणि मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता त्यांचा दिवा हिरवा झाला.

मी चहा गाळत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत आमच्या जाळ्याचा स्क्रीन लावलेला असतो, जुनाच, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यावर गावभरच्या गच्च्या ठिपक्यांनी दिसतात. चालू डबा हिरवा, बंद डबा राखाडी. मला वाटलं, मास्तरांच्या मुलीने डबा पुसायला घेतला असेल आणि चुकून बटण दाबलं गेलं असेल. एवढ्यात फळ्यावर मास्तरांच्या नावाने एक ओळ उमटली. फळा म्हणजे सगळ्यांनी लिहायची आणि सगळ्यांनी वाचायची जागा.

"नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी आलो. बाइंडिंगवाल्या ताई हल्ली कुठे असतात?"

चहा कपाबाहेर सांडला. माझ्या धाकट्या बहिणीला मास्तरांनी जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं. पुस्तकं बांधून बांधून तिच्या बोटांना कायम खळ लागलेली असायची, म्हणून ते तिला 'ए खळ' अशीच हाक मारायचे. आणि ती कुठे असते हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. ते ठाऊक नसलेला आणि ते विचारत फिरणारा जगात एकच माणूस होता.

थांबा. आधी जाळं काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी काहीतरी बरळतेय.

मी सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढले. लोक मला खांबताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून खपवून घेते. माझ्या बहिणीला, छोटीला, मोबाइल दुरुस्त करणारा नवरा मिळाला. नवरा कसला, पहारेकरी! तिच्या फोनमध्ये त्याने काय घालून ठेवलं होतं देव जाणे, ती कोणाशी बोलते, कुठल्या कोपऱ्यावर उभी आहे, सगळं त्याला दुकानात बसून दिसायचं. ती पहिल्यांदा पळाली तेव्हा नवव्या दिवशी त्याने तिला गाठलं. दुसऱ्यांदा चार महिने निभावलं. मग एका मैत्रिणीने वाढदिवसाचा फोटो इंटरनेटवर टाकला, मागे दुकानाची पाटी दिसत होती, झालं. त्या वेळी त्याने तिचा हात दोन ठिकाणी मोडला.

तेव्हा मी म्हटलं, आग लागो त्या इंटरनेटला, आपण आपलं बांधू. 'आपण' म्हणजे मी आणि गणितबाई. बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका शब्दकोडी सोडवतात तशा त्या कॉम्प्युटरची कुलपं करत बसायच्या. डोकं माझ्या दसपट, फक्त स्टुलावर चढल्या तरी चक्कर येते. म्हणून कुलपं त्यांची आणि गच्च्या माझ्या. एकेका घरात किंवा गच्चीवर एकेक डबा, म्हणजे संदेश पाठवणारं छोटं यंत्र, जमेल तिथे वायर, नाही तिथे अँटेना. मध्ये कुठली कंपनी नाही. लिहिलेला प्रत्येक शब्द कुलपात, आणि किल्ली ज्याच्या त्याच्या डब्याच्या पोटात. नक्कल कुठेही नाही, बाईंकडेसुद्धा नाही. आणि मालक कोणी नाही. जे ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

पहिली सभा छापखान्याच्या माडीवर झाली. छोटी तिथेच बाइंडिंग करायची आणि शेजारच्या खोलीत राहायची. आम्ही एकोणीस जण होतो. नियम ठरत होते, आणि कोणीतरी सहज विचारलं, एखाद्याला जाळ्यातून काढायचं झालं तर? बाई म्हणाल्या, आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण हो म्हणाले की काढायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा छोटी उभी राहिली. हात अजून प्लास्टरमध्ये होता. चारचौघांत बोलायचं म्हणजे तिच्या घशाला कोरड पडते, त्यामुळे मीच दचकले.

"मला माहेरून काढलं, सासरहून काढलं, दोन नोकऱ्यांवरून काढलं," ती म्हणाली. "दर वेळी तीन-चार जण बसले आणि त्यांनी ठरवलं. इथून कोणाला काढायचं असेल तर यादीतल्या सगळ्या नावांतले दोन तृतीयांश हो म्हणायला पाहिजेत. आलेल्यांतले नाही. यादीतले. आणि जो गप्प बसला त्याचं उत्तर नाही असं धरायचं. मी गप्प बसले की तो म्हणायचा, बघ, म्हणजे तुझं हो आहे. अकरा वर्षं मी असं हो म्हणत होते. इथे गप्प म्हणजे नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी ती वेळच नव्हती. टेलरमास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करत खाली बघत राहिले. बाईंनी तो नियम तिथल्या तिथे लिहून घेतला आणि म्हणाल्या, हा नियम बदलायचा असेल तरी तेवढीच मतं लागतील. मला माझ्या बहिणीचा एवढा अभिमान वाटला की मी रडले.

पाच वर्षांत एकोणिसाची एकशे अठ्ठ्याण्णव नावं झाली. कोणाला पोरांचे फोटो जगाला दाखवायचे नव्हते, एका डॉक्टरला पेशंटच्या गोष्टी बाहेर जायला नको होत्या, आणि काही जणांना नुसतंच निवांत भांडायचं होतं. मी सगळ्यांच्या गच्च्यांवर चढायचे. शंभर गच्च्यांत एक गच्ची छापखान्याची, त्यामुळे माझ्या मागावर कोणी राहिलं तरी त्याला काही पत्ता लागला नसता. आणि छोटीचा नवरा राहिला होता, हे मला माहीत आहे.

माणसं वाढली तशी मेलीही. मास्तर गेले तेव्हा बाईंनी प्रस्ताव मांडला, नाव काढू या. फळ्यावर लोकांनी लिहिलं, राहू दे हो, एवढी काय घाई, त्यांचा ठिपका दिसला की बरं वाटतं. मत द्यायला एकतीस जण आले. बाकीचे गप्प. गप्प म्हणजे नाही, नाव राहिलं. त्याआधी गेलेल्यांचीही अशीच राहिली होती. किती माया आहे बघा आपल्या लोकांत, असं मी आणि बाई एकमेकींना कौतुकाने सांगत होतो. अक्कल गहाण ठेवली होती आम्ही दोघींनी.

तर, मंगळवार.

मी चहा तसाच टाकला आणि मास्तरांच्या मुलीकडे गेले. ती बिचारी कपडे वाळत घालत होती. "तो डबा? तो तर मागच्या महिन्यात जुन्या बाजारात दिला. मशीनच्या पेटाऱ्याबरोबर."

"आणि पासवर्ड?"

"मागे चिकटवलेला होता ना. कापडाच्या पट्टीवर, शाईने. बाबांच्या लक्षात राहत नव्हतं शेवटी शेवटी."

जुन्या बाजारातला दुकानदार आठवून आठवून म्हणाला, हो, एक जण महिनाभर अशाच डब्यांची चौकशी करत होता. बोलायला फार गोड माणूस. "माझाही फोन बिघडला होता, उभ्या उभ्या नीट करून दिला त्याने." तिथल्या एका तुटक्या खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, पाणी यायच्या आत उठले आणि छापखान्याकडे निघाले.

आता मी काय केलं ते सांगते. सांगताना आजही स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

छोटी जमिनीवर बसून फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. फळीवर तिचा डबा होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. तो दिवा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबा खाली ओढला, तिचाच पुठ्ठे ठोकायचा हातोडा घेतला आणि घातला त्यावर.

"ताई! अगं ताई, थांब!"

"यातून बघेल तो तुला! यातून बघेल!"

मी सहा-सात घाव घातले. डब्याचं भुस्कट झालं. छोटीने सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली, तुकडे एका रद्दी कागदावर गोळा केले आणि पुडी बांधली. तिला काहीही बांधायची सवयच आहे. मग म्हणाली, "मला जावं लागेल का?"

"कुठे जातेस? मी मेलेय का?"

"तसं नाही गं." तिने खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक खिडकी, पुठ्ठ्यांची चळत. "एक्केचाळीस वर्षांत ही पहिली खोली, जिची कडी मी लावते आणि मीच काढते. मला इथून जायचं नाही, ताई. बाकी काही नको मला. फक्त इथून जायचं नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, नाही जावं लागणार. छातीठोकपणे सांगितलं. मला काय, बोलायला काय जातंय.

तिथून गणितबाईंकडे. बाईंनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला, आणि वाईटातली बरी गोष्ट आधी सांगितली. जो सहा महिन्यांहून जास्त दिवस बंद असतो, तो परत आला की सात दिवस त्याला फक्त फळा दिसतो. सात दिवसांनी नकाशा उघडतो. नकाशा उघडला की कुठली गच्ची, कुठला डबा, कधीपासून, पाच वर्षांचं सगळं दिसतं. आपलं जाळं आपल्याला तपासता आलं पाहिजे, म्हणून आम्हीच तसं केलं होतं. छापखान्याची गच्ची दिसली की त्याला पुढचं सांगावं लागणार नव्हतं. आमचे वडील बाइंडर होते, आणि छोटीला दुसरं काही काम येत नाही, एवढं तो जाणून होता.

"छापखाना पुसून टाका नकाशातून," मी म्हटलं.

"पुसता येऊ नये असाच केलाय तो. आपणच म्हटलं होतं ना, उद्या कोणी येऊन गुपचूप काही पुसू नये म्हणून."

"मग मी वायरी कापते. सगळ्या. खांब उपटते."

"काप. नकाशा प्रत्येक डब्याच्या पोटात आहे, त्याच्याही. पुढच्या मंगळवारी साडेनवाला आपोआप उघडेल. कोणी वायर कापली तरी चालू राहावं, हीसुद्धा आपलीच इच्छा."

"मग त्याला हाकला."

"त्याची किल्ली बाद केली की नकाशा उघडणार नाही," बाई म्हणाल्या. "पण हाकलायचं म्हणजे मास्तरांचं नाव काढायचं. एकशे अठ्ठ्याण्णवचे दोन तृतीयांश. एकशे बत्तीस मतं. प्रत्येकाने आपापल्या डब्यावरून द्यायची." मग विचारलं, "छोटीचा डबा?"

"बंद केलाय," मी म्हटलं. घाईत होते. आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटत होती.

पोलिसांकडेही जाऊन आले, न जाण्याचा दोष नको. तिथला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, बाई, मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी तुमची चौकशी केली, ती इंटरनेटवर नाही, तुमच्या घरगुती कशावर तरी, आणि अजून काही घडलेलं नाही. कुठल्या रकान्यात लिहू सांगा. मी म्हटलं, घडल्यावर येते मग.

प्रस्ताव फळ्यावर लावावा लागला, आणि फळा त्याला दिसत होता. खरं कारण तिथे कसं लिहिणार? 'छोटीला शोधतोय' असं लिहिणं म्हणजे ती इथेच आहे असं कळवणं. म्हणून नुसतं लिहिलं, मास्तरांचं नाव काढणे. आणि कारण सांगायला मी दारोदार निघाले.

दुपारपर्यंत फळ्यावर उत्तर आलं होतं. "माझं काय चुकलं? म्हाताऱ्याला असं टाकू नका हो." किती गोड लिहितो बघा! मागच्या वर्षी आलेल्यांनी मास्तरांना पाहिलं नव्हतं, ते मेल्याचंही त्यांना माहीत नव्हतं. दोघींनी त्याला धीर दिला, काळजी करू नका आजोबा, आम्ही आहोत. त्या दोघींच्या घरी मी सगळ्यात आधी गेले. एक जण रडायलाच लागली. मला तिला समजावत बसायला वेळ नव्हता, तरी पंधरा मिनिटं बसले.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. यादीतलं नाव वाचायचं, जिने चढायचे, बेल वाजवायची, आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावरूनच कळायचं. "आई गेल्या वर्षी..." "अहो, ते तर..." एका दारात सून म्हणाली, तुम्हाला कोणी कळवलं नाही का? कळवलं असेल फळ्यावर, मी वाचलं नसेल. एवढ्या लोकांसाठी जाळं बांधलं आणि कोण जिवंत आहे हे मला जिने चढून बघावं लागत होतं. काही घरं दुसऱ्याच लोकांची झाली होती. एका गच्चीवर डबा तसाच होता, खाली राहणाऱ्यांना तो पाण्याच्या टाकीचा भाग वाटत होता.

शनिवारी बाईंनी आकडा काढला. गेलेले एक्केचाळीस. गाव सोडून गेलेले, पत्ता नसलेले तेवीस. म्हणजे चौसष्ट जण कायमचे 'नाही' म्हणत बसले होते, आणि त्यांना समजवायला कुठल्या जिन्याने जाणार? उरले एकशे चौतीस.

आणि मी सांगते, त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. डॉक्टरांनी दवाखान्यातून उठून मत दिलं. अँटेनावरून तीन वर्षं माझ्याशी न बोलणारा माणूस होता, त्याच्या दारात मी मान खाली घालून उभी राहिले. तो म्हणाला, "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला, पण ते सांग, बटण कुठलं दाबायचं?" एक आजी डबाच विसरल्या होत्या, माळ्यावरून काढून, धूळ झटकून, माझ्यासमोर चालू केला. एकानेही नाही म्हटलं नाही. गप्पसुद्धा कोणी राहिलं नाही.

एक गृहस्थ हॉस्पिटलमध्ये नाकात नळी घालून पडले होते, डोळे मिटलेले. त्यांच्या बायकोला पासवर्ड माहीत नव्हता, आणि तसं कोणाला माहीत असू नये असंच आम्ही शिकवलं होतं. दूधवाला पासवर्ड विसरला. नवा द्यायचा तर तीस दिवस थांबायचं, हा बाईंचा नियम, चोरांसाठी केलेला. दोन गेले. एकशे चौतिसातून दोन मतं गेली म्हणजे बरोबर एकशे बत्तीस.

सोमवारी दुपारी तीन वाजता मी बाईंच्या खोलीत धापा टाकत बसले होते. शेवटचं मत नुकतंच पडलं होतं, गावाबाहेरच्या रोपवाटिकेतल्या माळ्याचं. बाईंनी आकडा बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. "एकशे एकतीस. झालंच बघ! आता छोटीला म्हणावं, एक मिनिट डबा चालू कर आणि मत देऊन बंद कर. एका मिनिटात काही होत नाही."

मी हातातल्या यादीची घडी घालायला लागले.

"काय गं?"

"बाई, डबा मी फोडला."

"फोडला म्हणजे?"

"मंगळवारीच. हातोड्याने. तुकडे आहेत."

त्यांनी चष्मा काढला. किल्ली डब्याच्या पोटात असते, हे मला कोणी सांगायला नको होतं, दोनशे डबे मी या हातांनी लावलेत. नक्कल नसते, हेही. त्या माडीवर, त्या वेळी, मला फक्त तो दिवा दिसत होता. बाई मला शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, पुन्हा बसल्या, एका कागदावर काहीतरी मांडत राहिल्या, आणि अर्ध्या तासाने पेन खाली ठेवलं. "नाही गं," म्हणाल्या. "मीच केलेलं आहे. कुठून उघडणार?" आणि ती तीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेली बाई माझ्यासमोर हमसून हमसून रडायला लागली.

मी छोटीला कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. जिना चढताना पाठ करत होते, वर गेल्यावर सगळं विसरले आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं." ती ऐकून घेत होती. मध्येच तिने अर्धवट राहिलेल्या पुस्तकाची शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला. तिने माझ्यावर ओरडावं म्हणून मी तिला काहीबाही बोलले. मूर्ख म्हटलं, तुझाच तो नियम असं म्हटलं. काय काय बोलते मी!

"हो, माझाच," ती म्हणाली. "मला आत्ताही तो बरोबर वाटतो, ताई. काय करू?"

मग तिने पलंगाखालून पिशवी काढली. पाच वर्षांचं सामान अर्ध्या पिशवीत बसलं. मी म्हटलं, थोडे दिवस जा, तो हात हलवत परत गेला की ये. तिने नाही अशी मान हलवली. आता तो जाळ्यात होता आणि जाळ्यातच राहणार होता, आमच्या प्रत्येक नव्या गच्चीचा ठिपका त्याच्या डोळ्यांसमोर उमटणार होता. इंटरनेट त्याचं होतंच, आता हेही झालं.

"कुठे जाणार?"

ती पिशवीचे बंद बांधत राहिली.

"छोटे, कुठे जाणार आहेस?"

"तुला नाही सांगणार." तिने माझा हात हातात घेतला, खळीने खरखरीत झालेली ती बोटं. "रागावू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही. तू बोलत नाहीस, पण तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. तुला माहीतच नको."

"फोन करशील?"

"नाही."

"चिठ्ठी तरी?"

"नाही, ताई."

"मग तू जिवंत आहेस की नाही हे मला कसं कळणार?"

तिला रडू आलं तेव्हा. मग डोळे पुसून म्हणाली, "माझ्याकडून काही आलं नाही, मी गप्प आहे, म्हणजे मी बरी आहे असं समजायचं. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? चार वाजून गेले होते, खाली छापखान्याची मशीन चालू होती, लोक ये-जा करत होते. त्या गर्दीतच ती निघाली. खोलीची किल्ली मालकाला परत द्यायला सांगितली. खिडकीतून बघायचं नाही, असंही सांगून गेली. मी बघितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी त्या खोलीत जाऊन बसले. का, ते मला विचारू नका. कदाचित हातात काहीतरी घेऊन त्याच्या डोक्यात घालावं असंही मनात असेल. साडेनऊ वाजले. सव्वादहाला जिन्यावर पावलं वाजली. तो सावकाश चढत होता, मध्ये थांबून कोणाला तरी नमस्कार केला. मग दारावर हलकेच टकटक झाली.

पाच वर्षांत त्याचे केस विरळ झाले होते. मला बघून तो दचकला, मग त्याने बूट पायपुसण्याला पुसले आणि आत आला. रिकामी फळी बघितली, गुंडाळलेली गादी बघितली.

"ताई, कुठे आहे ती?"

"मला माहीत नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पूर्वी ती माझ्याकडे लपली होती तेव्हाही त्याने दारात उभं राहून हेच विचारलं होतं, मी हेच उत्तर दिलं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला खरं कळलं होतं. आताही तो तसाच बघत होता, फोन उघडून आत काय बिघडलंय ते बघतात तसा. मी नजर हलवली नाही. बघ म्हटलं मनात, बघ, हवं तेवढं बघ.

हळूहळू त्याचा चेहरा बदलला. त्याला पटलं.

"खरंच माहीत नाही तुम्हाला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क कीव होती. दार लोटून घेऊन तो खाली गेला.

मी कितीतरी वेळ त्या गुंडाळलेल्या गादीवर बसून होते. माझी धाकटी बहीण कुठे आहे हे त्या माणसाला जेवढं माहीत होतं, तेवढंच मला माहीत होतं.